हृदयाला पंप लावायचा म्हणतात… सही करण्याआधी आणि नंतर

“बीपी धरत नाहीये, पंप लावावा लागेल. इथे सही करा.” अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या कॅथलॅबबाहेर बसलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नातेवाइकांच्या कानावर हे वाक्य पडते, तेव्हा विचार करायला त्यांच्याकडे पाच-दहा मिनिटे असतात. पंप म्हणजे पेसमेकर का? छाती उघडणार का? लावला की माणूस वाचतोच का? आणि गावाकडे फोन करून पैसे उभे करायला सांगायचे, तर किती? वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्या धावपळीत कुणी कितीही समजावले तरी डोक्यात शिरत नाही, म्हणून उत्तरे घरी, शांतपणे वाचून ठेवलेली बरी.

एक गोष्ट सर्वांत आधी. हा पंप पेसमेकर नाही, व्हेंटिलेटरही नाही, आणि तो बसवायला छाती उघडावी लागत नाही. बहुतेक वेळा जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून तो बसवतात. पण तो हृदय दुरुस्तही करत नाही. तुंबलेली रक्तवाहिनी तो मोकळी करत नाही की सुजलेला स्नायू बरा करत नाही. मूळ दुखण्यावर इलाज होईपर्यंत मेंदू, मूत्रपिंडे आणि यकृत यांना रक्त मिळत राहावे, एवढेच त्याचे काम. म्हणून “पंप लावू का?” असे कुणी विचारले की लगेच “कशासाठी, किती दिवस आणि त्यानंतर काय?” हे तुम्ही विचारायला हवे. होकार किंवा नकार त्या उत्तरावर ठरतो.

पंपाची वेळ कधी येते?

मोठा अटॅक येतो, डाव्या कप्प्याचा बराचसा स्नायू एकदम निकामी होतो आणि रक्त पुढे ढकलायची ताकदच उरत नाही. वरचे बीपी ९० च्या खाली राहते, हातपाय गार आणि घामाने चिकट होतात, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा गुंगीत जातो. या अवस्थेला डॉक्टर कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. बीपी वाढवणारी औषधे चालू असूनही सुधारणा होत नाही आणि रक्तातले लॅक्टेट (अवयवांना पुरेसे रक्त पोहोचत नसल्याची खूण) चढत जाते, तेव्हा पंपाचा विषय निघतो.

अटॅकखेरीज विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, बाळंतपणाच्या सुमारास हृदयाचा स्नायू कमकुवत होणे, काही विषबाधा, आटोक्यात न येणारी धडधड यांतही पंप लावला जातो. यातली काही हृदये चार-आठ दिवसांत आपोआप सावरतात. अशा रुग्णांना, विशेषतः तरुणांना, या आधाराचा उपयोग जास्त होऊ शकतो.

आकडे कटू आहेत, पण निर्णय घेणाऱ्याला ते ठाऊक हवेत. युरोपातल्या सुसज्ज रुग्णालयांतही अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्या शंभरांपैकी चाळीस ते पन्नास रुग्ण महिनाभरात दगावतात. “पंप लावला असता तर वाचलेच असते” हा सल घेऊन जगणारी कुटुंबे आहेत, आणि “पंप लावला म्हणूनच गेले” असे मानणारीही. एका रुग्णाच्या बाबतीत यातले काहीच खात्रीने सांगता येत नाही.

ठरवून केलेल्या अवघड अँजिओप्लास्टीत ‘सुरक्षेसाठी’ पंप लावायचा, हा प्रकार मात्र वेगळा. तिथे रुग्ण शुद्धीवर असतो आणि घाई नसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोटेक्ट-२’ चाचणीत अशा रुग्णांना इम्पेला किंवा बलून पंप (ही दोन्ही यंत्रे पुढे समजावली आहेत) लावून पाहिले. महिनाभरानंतरच्या एकूण निकालात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे इथे दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचे मत घ्या. बायपासचा पर्याय आहे का, तेही विचारा.

नाव विचारून घ्या

‘पंप’ या एका शब्दाखाली तीन वेगळी यंत्रे येतात. त्यांची ताकद, धोके आणि किंमत यांत मोठी तफावत आहे.

बलून पंप, म्हणजे आयएबीपी. सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक ठिकाणी मिळणारा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये तो रुग्णावर प्रथम वापरला. महाधमनीत ठेवलेला लांबट फुगा हृदय विसावते तेव्हा हेलियम वायूने फुगतो आणि हृदय आकुंचन पावण्याआधी रिकामा होतो. हृदयाचा भार थोडा हलका होतो आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना रक्त जरा अधिक मिळते. रक्तप्रवाह मात्र मिनिटाला अर्धा ते एक लिटरच वाढतो. जर्मनीत ६०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचा निकाल २०१२ मध्ये आला, बलून लावलेल्यांपैकी ३९.७ टक्के आणि न लावलेल्यांपैकी ४१.३ टक्के रुग्ण महिनाभरात दगावले. म्हणजे फरक नाहीच. त्यानंतर अटॅकच्या शॉकमध्ये तो सरसकट लावू नये, असेच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. अटॅकमुळे हृदयाचा पडदा फाटला किंवा झडप निकामी झाली, तर शस्त्रक्रियेपर्यंत त्याचा आधार घेतात. “सरसकट उपयोग नाही असे म्हणतात, मग आमच्या रुग्णाला का?” हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर त्याचे उत्तर देतो.

इम्पेला. जर्मनीतल्या आखेन शहरात विकसित झालेला हा पंप जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीचा असतो. जांघेतून वर नेऊन तो महाधमनीच्या झडपेतून डाव्या कप्प्यात बसवतात. बोअरमध्ये सोडलेल्या सबमर्सिबल मोटारीप्रमाणे तो आतले रक्त खेचून वर महाधमनीत सोडतो. नेहमी वापरला जाणारा सीपी प्रकार मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास रक्त पुढे नेऊ शकतो. निरोगी हृदय विश्रांतीत साधारण पाच लिटर नेते.

या पंपाने जीव वाचतो, असा भक्कम पुरावा प्रथम एप्रिल २०२४ मध्ये ‘डेंजर शॉक’ चाचणीतून आला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या ३५५ रुग्णांपैकी पंपाच्या गटात सहा महिन्यांत ४५.८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ५८.५ टक्के. म्हणजे आठ जणांना लावल्यावर एक जीव जास्त वाचला. त्याची किंमतही मोजावी लागली. डायलिसिसची गरज २६.७ वरून ४१.९ टक्क्यांवर गेली, पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रमाण १.१ वरून ५.६ टक्क्यांवर, आणि मोठा रक्तस्राव जवळजवळ दुप्पट झाला. शिवाय हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर बेशुद्धच राहिलेले रुग्ण, तसेच उजवा कप्पा निकामी झालेले रुग्ण या चाचणीत नव्हते. तुमचा रुग्ण त्या गटात मोडत असेल, तर हे आकडे त्याला लागू पडत नाहीत. ते दाखवून कुणी आग्रह धरला, तर हा फरक लक्षात आणून द्या.

एक्मो. कोविडकाळात हे नाव घरोघरी पोहोचले. तेव्हा ते मुख्यतः फुप्फुसांसाठी होते. हृदयासाठीच्या प्रकारात जांघेतल्या शिरेतून रक्त बाहेर घेतात, यंत्रात त्यात ऑक्सिजन मिसळतात आणि धमनीतून ते परत सोडतात. हृदय आणि फुप्फुस, दोघांचेही काम बराच काळ ते भागवू शकते. पण नळ्या जाड, रक्तस्राव आणि पायाचा धोका मोठा, आणि चोवीस तास परफ्युजनिस्ट (हे यंत्र चालवणारा तंत्रज्ञ) व तरबेज चमू लागतो. २०२३ मधल्या ‘ईसीएलएस-शॉक’ चाचणीत एक्मो लावलेले ४७.८ टक्के आणि न लावलेले ४९ टक्के रुग्ण महिनाभरात दगावले. सरसकट वापराला यातूनही आधार मिळाला नाही. निवडक रुग्णांत मात्र तोच शेवटचा उपाय असतो.

खरा निर्णय कॅथलॅबच्या आधी होतो

अटॅकच्या शॉकमध्ये सर्वाधिक फरक तुंबलेली रक्तवाहिनी लवकर उघडण्याने पडतो. १९९९ च्या ‘शॉक’ चाचणीत रक्तवाहिनी तातडीने उघडलेल्यांपैकी निम्मे रुग्ण सहा महिन्यांत गेले, आधी फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी ६३ टक्के. पंप नंतर येतो. आणि वेळेवर उपचार मिळालेल्या बऱ्याच जणांवर पंपाची पाळीच येत नाही.

बुलढाणा जिल्ह्याची अडचण इथेच आहे. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावकरांना राष्ट्रीय महामार्ग जवळ; खामगावहून अकोला पन्नासेक किलोमीटर. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्याकडच्या गावांना आधी त्या महामार्गापर्यंत यावे लागते. घाटावर बुलढाणा, चिखलीहून छत्रपती संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास. देऊळगाव राजाला जालना जवळ. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या पट्ट्यातून डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग नागपूरकडे नेतो. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. पण महाविद्यालय आहे म्हणजे रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टी होते, असे धरून चालू नका. घरात मधुमेही, हृदयरुग्ण किंवा वयस्कर माणूस असेल, तर चोवीस तास कॅथलॅब चालणारे जवळचे ठिकाण कोणते आणि तिथे कोणता पंप आहे, हे आजच फोन करून विचारा. नाव-नंबर दारामागे लिहून ठेवा.

अटॅकच्या वेळी नेहमी होणाऱ्या चुका या:

- “थेट मोठ्या शहरातच नेऊ” म्हणून जवळचा ईसीजी टाळणे. छातीत दुखणे, जबडा-हात भरून येणे, दरदरून घाम, धाप यांपैकी काही असले तर जवळच्या ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात आधी ईसीजी काढा. दहा मिनिटांचे काम आहे. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देता येते का, हे विचारा. घाटातून तीन तास प्रवास करून ‘नंतर’ इंजेक्शन घेण्यात बहुमोल स्नायू मरतो.
- जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणे. बीपी आधीच खाली असेल, तर ही गोळी ते आणखी पाडते. बीपी मोजल्याशिवाय देऊ नका.
- जीपमध्ये मागे झोपवून नेणे. १०८ ला फोन करा. ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. “अटॅक आहे, बीपी कमी आहे, अॅडव्हान्स गाडी पाठवा” असे स्पष्ट सांगा. पंप मात्र या गाडीत नसतो.
- न कळवता पोहोचणे. ईसीजीचा फोटो आणि बीपीचा आकडा पुढच्या रुग्णालयाला निघतानाच पाठवा. “बेड आहे का” एवढेच विचारू नका. “कॅथलॅबचा चमू आत्ता हजर आहे का” हेही विचारा. एका गावाहून दुसऱ्या गावी फिरवण्यात जाणारे तास शॉकमध्ये परत मिळत नाहीत.

बलून पंप लावून रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा प्रस्ताव आला, तर यंत्राची बॅटरी किती वेळ चालते, सोबत ते यंत्र हाताळणारा माणूस आहे का आणि पुढच्या रुग्णालयात तेच यंत्र जोडता येईल का, याची खातरजमा झाल्यावरच गाडी हलू द्या.

सही करताना

तुमच्याकडून डॉक्टरांना काही गोष्टी कळायलाच हव्यात. पूर्वी हृदयाची झडप बदलली आहे का? चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागते का, पायाच्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली आहे का? पोटात अल्सर, मेंदूत रक्तस्राव, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची अॅलर्जी? महाधमनीच्या झडपेच्या जागी धातूची झडप किंवा डाव्या कप्प्यात गुठळी असेल, तर इम्पेला बसवता येत नाही. महाधमनीची झडप फार गळत असेल, तर इम्पेला आणि बलून दोन्ही घातक ठरतात. पायाच्या धमन्या अरुंद असल्या, तर पाय गमावण्याचा धोका वाढतो. जुने इको आणि फाइल घेऊन कुणीतरी मागून निघालेच पाहिजे. निदान त्यांचे फोटो तरी लगेच पाठवा.

मग तुम्ही विचारा. घरातला एकच जण विचारेल आणि एकच जण लिहून घेईल, असे ठरवा. दहा जणांनी वेगवेगळे विचारले की दहा वेगळी उत्तरे ऐकू येतात.

१. कोणता पंप, आणि तोच का?
२. रक्तवाहिनी उघडली का? नसेल तर कधी?
३. मेंदूची स्थिती काय आहे?
४. हे यंत्र तुमच्याकडे किती रुग्णांना लावले आहे?
५. सुधारणा होते आहे, हे कशावरून आणि किती तासांनी कळेल?
६. हृदय सावरलेच नाही तर पुढची वाट कोणती?

शेवटचा प्रश्न टाळू नका. कायमस्वरूपी कृत्रिम पंप किंवा प्रत्यारोपण हे पुढचे टप्पे फार थोड्यांना शक्य होतात. दोन्हींची शक्यता नसेल, तर एक्मोवर ठेवलेला रुग्ण शुद्धीत असूनही कुठल्याच दिशेने जाऊ शकत नाही, अशी अवघड वेळ येऊ शकते.

रुग्ण बोलू शकत असेल, तर पहिला हक्क त्याचा. त्याला बाजूला ठेवून पोरांनी किंवा भावांनी परस्पर ठरवणे चुकीचे आहे. एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. अपवाद एवढाच, की जीव वाचवण्यासाठी ताबडतोब काही करणे भाग असेल, तर डॉक्टर थांबत नाहीत, आणि त्यांनी थांबूही नये.

पैशांचे काय?

शॉकवरच्या पहिल्या तातडीच्या उपचारासाठी कुणाला पैशाअभावी परत पाठवता येत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून हा देशाचा कायदा आहे. पुढचा खर्च मात्र खरा आहे, आणि तो यंत्रागणिक बदलतो. इम्पेला बलूनपेक्षा कित्येक पटींनी महाग पडतो; त्याचा पंप एकदाच वापरता येतो. एक्मोचा खर्च रोज वाढत जातो. स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवून दिली. या पंपांना तशी मर्यादा नाही. म्हणून पंपाची, नळ्यांची आणि आयसीयूच्या एका दिवसाची रक्कम वेगवेगळी लिहून मागा. वेष्टन सीलबंद होते का ते पाहा, आणि त्यावरचे स्टिकर बिलाला व फाइलला लावायला सांगा.

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: २०२३ च्या निर्णयाने राज्यातली सर्व कुटुंबे तिच्या कक्षेत आली असून संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांचे आहे. बुलढाण्यासह १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांना पूर्वी सातबारा दाखवून लाभ मिळे; पांढऱ्या कार्डावर काहीच मिळत नाही, हा समज आता सोडून द्या. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून “कोणता उपचार पॅकेजमध्ये आहे, कोणता नाही?” हे नावानिशी विचारा. अँजिओप्लास्टी योजनेत बसली म्हणून पंपही बसेल, असे नाही. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. हेल्पलाइन: १५५३८८ किंवा १८००२३३२२००.
- धर्मादाय रुग्णालये: राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एए नुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागवून घ्या आणि रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.
- खासगी विमा: कॅशलेस विनंतीवर विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. पंप आणि त्याचे सुटे साहित्य मंजुरीत आहे का, हे लेखी घ्या.

पहिल्याच रात्री जमीन गहाण टाकायचा शब्द कुणालाही देऊ नका. मेंदू शाबूत आहे का, रक्तवाहिनी उघडली का आणि पुढची वाट आहे का, हे कळेपर्यंत थांबण्यात रुग्णावर कसलाही अन्याय नाही. उरलेल्या कुटुंबालाही जगायचे आहे, आणि हा विचार मनात आला म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नये.

पंप चालू असताना

भेटीच्या वेळी फक्त चेहरा पाहून परतू नका. ज्या पायातून नळी गेली आहे तो पाय पाहा. दुसऱ्या पायापेक्षा गार, पांढरट किंवा निळसर वाटला, दुखत असला किंवा बधिर झाला असला, तर तिथेच नर्सला सांगा. काही तासांत निर्णय घ्यावा लागतो. लघवी लालसर किंवा चहासारखी दिसली, तर पंपात रक्तपेशी फुटत असण्याची शक्यता असते. जांघेत सूज, काळी शौच, एका बाजूचा अशक्तपणा याही गोष्टी कळवा. रुग्ण जागा असेल, तर पाय दुमडू नये असे त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागते; ते काम नातेवाईक प्रेमाने करू शकतात. रक्तदात्यांची नावे आधीच जमवून ठेवा.

बलून सहसा काही दिवसांतच काढतात. इम्पेला सीपीला अमेरिकेच्या एफडीएने शॉकमध्ये चार दिवसांपर्यंतची मंजुरी दिली आहे. गरजेनुसार डॉक्टर जास्त ठेवतात, पण का ठेवले हे सांगायला हवे. रोज एकदा एवढेच विचारा: औषधे आणि पंपाचा वेग कालच्यापेक्षा कमी झाला की वाढला?

तुमचे हक्क, आणि थांबण्याचा निर्णय

उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत मिळाली पाहिजेत. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही. तक्रार महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा, आणि ती लेखीच करा.

सर्व प्रयत्न होऊनही सुधारणेची आशा उरली नाही, तर यंत्राचा आधार काढण्याचा मार्ग कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी तो मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपा केला. उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञांचे प्राथमिक मंडळ आणि त्यानंतर दुय्यम मंडळ, अशी ती पद्धत आहे. घाबरून “आम्ही घरी नेतो” म्हणत गाडीत घालून नेण्यापेक्षा ही चर्चा उघडपणे मागा. वेदना आणि धाप कमी करणारी औषधे शेवटपर्यंत चालू राहतील, याचीही खात्री करून घ्या.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर पंपाचे नाव, तो कधी लावला आणि कधी काढला, कोणत्या पायातून, आणि शेवटच्या इकोतले हृदयाचे पंपिंग किती, हे लिहून घ्या. जांघेत गाठ आली, ठसठस वाढली किंवा पाय सुजला, तर मालिश करू नका, दाखवा. स्टेंट बसवला असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायलाही स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. अटॅकनंतर ४० दिवस उलटल्यावर इको पुन्हा करावा लागतो. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिले, तर अचानक मृत्यू टाळणाऱ्या आयसीडी यंत्राचा विचार होतो. स्टेंट टाकला असेल, तर त्या निर्णयासाठी तीन महिने थांबतात. चिखलीत इको काढला किंवा खामगावात, रुग्णालयातला जुना अहवाल सोबत न्या, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांना बोलता येईल.